पुढच्या सीझनमध्ये बघू

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, 'रोडमॅपवर आहे' या दोन शब्दांचा खरा अर्थ काय. क्लायंटला एखादी सोय हवी असते. ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नसते, आणि खरं सांगायचं तर ती बनवायचं कुणाच्या मनातही नसतं. पण 'नाही' म्हटलं तर क्लायंट हातचा जाणार. मग मीटिंगमध्ये कुणीतरी हसून सांगतं, हो हो, रोडमॅपवर आहे. पुढच्या रिलीजमध्ये बघू. क्लायंट आणखी एक वर्ष पैसे भरतो. मी अशा मीटिंगमध्ये दहा वर्षं बसते आहे, आणि एकदा-दोनदा ते वाक्य माझ्याच तोंडून गेलं आहे.

टीव्ही मालिकांच्या चाहत्यांमध्ये 'क्वीअरबेटिंग' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हीच मीटिंग आठवली. बेट म्हणजे गळाला लावलेलं आमिष. दोन पुरुष किंवा दोन स्त्री पात्रांमध्ये प्रेम आहे की काय असं सतत सुचवायचं. नजरा, विनोद, पावसात भिजलेले संवाद, सगळं द्यायचं. त्यामुळे समलैंगिक, उभयलैंगिक प्रेक्षक आशेने बघत राहतो. आणि प्रत्यक्षात ते प्रेम कधीच दाखवायचं नाही, म्हणजे बाकीचा प्रेक्षकही नाराज होत नाही. दोन्हीकडचं भाडं घ्यायचं आणि गाडी जागची हलवायची नाही.

या मासिकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. एरवी तिथे दर अर्ध्या तासाला काहीतरी येतं. त्या शांततेत कोण कोण होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. धर्मशास्त्रात काय लिहिलं आहे यावर वाद घालायला जाणकार पुष्कळ आहेत, त्यात मी पडत नाही. मला बोलायचं आहे ते पडद्यावर आपल्यासारखं कुणीतरी दिसावं म्हणून वाट बघणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्या वाट बघण्याचं लोक काय काय करतात याबद्दल.

सुरुवात बीबीसीच्या 'शेरलॉक'पासून करते, कारण मीही तिथूनच सुरू झाले. 2010 ते 2017 या काळात आलेली ही मालिका इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये आम्ही पेन ड्राइव्हवरून फिरवली. पहिल्याच भागात घरमालकीण मिसेस हडसन गृहीत धरते की शेरलॉक आणि जॉनला एकच बेडरूम लागेल. रेस्टॉरंटचा मालक त्यांच्या टेबलावर मेणबत्ती आणून ठेवतो. जॉन प्रत्येक वेळी सांगतो, तसं काही नाही. हा विनोद इतक्यांदा येतो की तो विनोद आहे की सूचना, हे कळेनासं होतं. मालिकेचे दोन निर्माते, स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गॅटिस, सांगत राहिले की ही प्रेमकथा नाही. गॅटिस स्वतः गे आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी चाहत्यांच्या एका गटाने ठरवून टाकलं की हे नकार म्हणजे पडदा आहे, शेवटी ते दोघं एकत्र येणारच. जानेवारी 2017 मध्ये शेवटचा भाग संपला आणि तसं काही झालं नाही. तेव्हा काहींनी असा सिद्धांत मांडला की खरा शेवटचा भाग अजून लपवून ठेवला आहे आणि तो पुढच्या आठवड्यात बीबीसीच्या 'ॲपल ट्री यार्ड' नावाच्या वेगळ्याच मालिकेच्या आडून दाखवला जाईल. ती मालिका आली. ती खरोखरच वेगळीच मालिका होती.

आम्ही तेव्हा हसलो. आज हसू येत नाही. माणसं इतकी उपाशी का होती, हा प्रश्न त्या हसण्यात कुणी विचारला नाही.

उपासमारीला इतिहास आहे. हॉलिवूडमध्ये 1934 पासून हेज कोड कडकपणे लागू झाला आणि 1968 पर्यंत टिकला. त्यात 'लैंगिक विकृती' दाखवण्यावर बंदी होती आणि समलैंगिकता त्यातच मोजली जायची. त्यामुळे ज्यांना काही सांगायचं होतं ते खुणेने सांगत. कपड्यांवरून, चालण्यावरून, एका लांबलेल्या नजरेवरून. ज्यांना कळायचं त्यांना कळे. व्हीटो रूसो यांनी 1981 मध्ये 'द सेल्युलॉइड क्लोजेट' हे पुस्तक लिहून या खुणांचा पट मांडला. त्या काळातल्या खुणेला मी आमिष म्हणणार नाही. दार बंद असताना खिडकीतून दिलेला तो निरोप होता. चाहत्यांच्या वादात हा फरक फार वेळा हरवतो. 1990च्या दशकातली 'झीना' बघून आजच्या मुली रागावतात की झीना आणि गॅब्रिएल यांचं नातं सरळ का नाही दाखवलं. त्या वेळी तेवढं दिसलं म्हणून कितीजणी जगल्या, हेही त्यांनी आपल्या मोठ्या मैत्रिणींना विचारावं. आजही चीनमध्ये निर्मात्याच्या हातात दार नाही. 2022 मध्ये तिथल्या स्ट्रीमिंगवर 'फ्रेंड्स' परत आली तेव्हा रॉसच्या पहिल्या बायकोचं समलैंगिक असणंच कापलं गेलं होतं. तिथे कुणी खुणेने बोलत असेल तर त्याला फसवणूक म्हणणं मला पटत नाही.

दार उघडं आहे, कडी आतून कुणी लावलेली नाही, आणि तरी पाहुण्याला वर्षानुवर्षं ओसरीवर बसवून चहाचं विचारत राहायचं, त्याला मी क्वीअरबेटिंग म्हणते.

अमेरिकेतल्या 'सुपरनॅचरल'चं तसंच झालं. 2005 ते 2020, पंधरा सीझन, 327 भाग. 2008 मध्ये कॅस्टिएल नावाचा एक फरिश्ता येतो आणि डीन या नायकाला नरकातून बाहेर काढतो. पुढची बारा वर्षं चाहत्यांचा एक मोठा वर्ग या दोघांकडे डोळे लावून बसला. 5 नोव्हेंबर 2020 च्या भागात, मालिका संपायला दोनच भाग उरलेले असताना, कॅस्टिएल डीनला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. आणि सांगताक्षणी एक काळं शून्य येऊन त्याला गिळून टाकतं. अमेरिकेत तेव्हा अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी चालली होती आणि निम्मं इंटरनेट मतांऐवजी या फरिश्त्याबद्दल बोलत होतं. प्रोजेक्टच्या शेवटच्या स्प्रिंटमध्ये फीचर टाकलं आणि त्याच संध्याकाळी सर्व्हर बंद केला, असा तो प्रकार.

यातला एक तुकडा मला फार आवडतो. मूळ इंग्रजीत डीन जवळपास निरुत्तर राहतो, असं करू नकोस एवढंच म्हणतो. लॅटिन अमेरिकेसाठी केलेल्या स्पॅनिश डबिंगमध्ये मात्र तो 'माझंही तुझ्यावर' अशा अर्थाचं उत्तर देतो. झालं. खरं संहितेत काय होतं, कुणी कुणाचं वाक्य कापलं, यावर महिनाभर रणधुमाळी. आम्ही सॉफ्टवेअरवाले भाषांतराच्या फायलींना फारसं कुणी बघत नाही म्हणून वैतागतो. इथे एका ओळीच्या भाषांतरासाठी लोक रात्र रात्र जागले.

पण ज्या वादाने खरोखर काही बदललं तो 'द हंड्रेड'चा. ही सीडब्ल्यू वाहिनीवरची मालिका 2014 मध्ये सुरू झाली. अणुयुद्धानंतर पृथ्वीवर परतलेल्या तरुणांची गोष्ट. नायिका क्लार्क उभयलैंगिक, आणि तिच्यासमोर उभी राहते लेक्सा, बारा टोळ्यांची सेनापती, डोळ्यांभोवती काळा रंग, कुणापुढे न झुकणारी. इथे आमिष नव्हतं. दोघींचं प्रेम सरळ दाखवलं होतं, म्हणून तर विशी-बाविशीच्या हजारो मुली त्या मालिकेशी जोडल्या गेल्या. निर्मितीकडच्या मंडळींनीही त्यांना जवळ केलं, त्यांच्याशी सोशल मीडियावर गप्पा मारल्या. तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाच्या चित्रीकरणात लेक्साची अभिनेत्री ॲलिशिया डेबनम-कॅरी दिसली, म्हणजे लेक्सा शेवटपर्यंत जिवंत राहणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

3 मार्च 2016 रोजी तिसऱ्या सीझनचा सातवा भाग आला. क्लार्क आणि लेक्सा पहिल्यांदा एकत्र येतात. पुढच्या काही मिनिटांत लेक्साचाच गुरू क्लार्कवर गोळी झाडतो, ती चुकून लेक्साला लागते आणि ती मरते. लढाईत नाही, तहात नाही, भरकटलेल्या गोळीने. शेवटच्या भागात ती दिसली खरी, पण एका आभासी जगात.

ज्यांनी 2002 मधली 'बफी' पाहिली होती त्यांना हे दृश्य तोंडपाठ होतं. तिथे टारा तिच्या प्रेयसीशी पुन्हा जुळवून घेते आणि खिडकीतून आलेल्या भरकटलेल्या गोळीने मरते. चौदा वर्षांत गोळीसुद्धा बदलली नव्हती. ऑटोस्ट्रॅडल या संकेतस्थळाने टीव्हीवर मेलेल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक स्त्री पात्रांची यादी काढली. सुरुवातीला 65 नावं होती, वाचक भर घालत गेले आणि यादी दोनशेच्या पुढे गेली. कारण विचारलं तर निर्माते प्रत्येक वेळी कथेची गरज सांगत. इथे व्यवहाराचं कारणही होतं, अभिनेत्रीला दुसरी मालिका मिळाली होती. एकेक मृत्यू तपासला तर प्रत्येकाला कारण सापडतं. यादी बघितली की कारणं गळून पडतात. बग एकदा आला तर योगायोग, दोनशे वेळा आला तर तो डिझाइनमध्येच असतो.

चाहत्यांनी जे केलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. शिव्या घातल्या, तेही खरं. पण त्यांनी द ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी, म्हणजे क्वीअर मुलामुलींच्या आत्महत्या रोखण्यासाठी चोवीस तास हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थेसाठी, निधी उभारला आणि तो एक लाख डॉलरच्या वर गेला. तीन आठवड्यांनी मालिकेचे प्रमुख जेसन रॉथेनबर्ग यांनी जाहीर लेख लिहून दिलगिरी व्यक्त केली. काही लेखकांनी अशा पात्रांबाबत काय करणार नाही याची प्रतिज्ञा तयार केली. पुढच्या वर्षी लास व्हेगासमध्ये 'क्लेक्साकॉन' हे संमेलन भरलं. एका काल्पनिक बाईच्या मृत्यूवर इतकं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी 'शोले'तला अहमद आठवावा.

सचिन पिळगावकरांनी केलेला तो कोवळा अहमद. मामाकडे नोकरीला निघालेला, इमामसाहेबांचा एकुलता एक मुलगा. गब्बर त्याला मारतो, घोड्यावरून प्रेत गावात येतं, आणि आंधळ्या इमामसाहेबांचं दुःख बघून गाव पुन्हा जय-वीरूच्या मागे उभं राहतं. लहानपणी मी दर वेळी रडायचे. अब्बा मात्र एकदा म्हणाले होते, आपल्यातला चांगला माणूस सिनेमात मरण्यासाठीच येतो. ते वाक्य मला तेव्हा कडवट वाटलं. अहमदचा मृत्यू सुंदर आहे, आणि तो दुसऱ्यांच्या गोष्टीच्या कामाला येतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लेक्सासाठी रडणाऱ्या मुलींचं म्हणणं एवढंच होतं.

मग या दोन्ही ओळखी एकाच माणसात असतील तर? अमेरिकन 'द बोल्ड टाइप'मध्ये अदीना आहे. हिजाब घालणारी, छायाचित्रकार, समलैंगिक आणि त्याबद्दल जराही न कचरणारी. चाहत्यांनी तिचं खूप कौतुक केलं. मला ती आवडते, पण ती एखाद्या फॉर्ममधल्या उत्तरासारखी आहे, सगळे रकाने नीट भरलेली. याउलट 'रामी' मालिकेतला नसीम मामा. न्यू जर्सीत राहणारा, दागिन्यांचा व्यापारी, तोंडाने कायम विखारी. ज्यू लोकांबद्दल वाट्टेल ते बोलणारा, बायकांना हिणवणारा. 2020च्या दुसऱ्या सीझनमध्ये कळतं की तो आयुष्यभर पुरुषांवरचं आपलं प्रेम लपवत आला आहे. मी तो भाग बघून बराच वेळ टीव्ही बंद करून बसले. आपल्यातल्या एकाला असं घाणेरडं का दाखवलं, हा आक्षेप इथे घेता येईल. पण मी असा एक मामा पाहिला आहे. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, आणि तो कुणाशीच कधी गोड बोलला नाही. आम्ही सगळे त्याला टाळायचो. प्रतिनिधित्वाची मागणी करताना आपल्याला फक्त शोभेची माणसं हवी असतील, तर तो मामा कुठल्याच यादीत येणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

एप्रिल 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर 'हार्टस्टॉपर' आली. ॲलिस ओसमन यांच्या चित्रकथांवरची ब्रिटिश मालिका. चार्ली आणि निक ही शाळेतली दोन मुलं. कुणी मरत नाही. चार्ली गे आहे हे मागे शाळेत त्याच्या मर्जीविरुद्ध सगळ्यांना कळलेलं असतं आणि त्याला त्याचा त्रास झालेला असतो. निकला हळूहळू कळतं की तो उभयलैंगिक आहे. मालिका जणू एकच गोष्ट आठ भागांत सांगते, की ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या वेळी सांगावं. निकचं काम करणारा किट कॉनर तेव्हा 18 वर्षांचा होता. स्वतःबद्दल त्याने काही जाहीर केलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये तो एका सहकलाकार मुलीचा हात धरून चालताना दिसला आणि चाहत्यांनी आरोप केला की हा क्वीअरबेटिंग करतोय. आमच्या पैशावर, आमच्या भावनांवर मोठा झाला, आणि हा तर 'आमच्यातला' नाहीच. त्याने ट्विटर सोडलं.

त्या चाहत्यांच्या एका ग्रुपमध्ये मी होते. मी लिहिलं होतं, एवढं अवघड काय आहे, एकदाच काय ते सांगून टाकावं. त्यावर पुष्कळ लाइक आले.

त्या दिवाळीच्या सुट्टीत माझी मिरजेची मावसबहीण पुण्यात माझ्याकडे राहायला आली होती. तेव्हा एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. 'हार्टस्टॉपर' मीच तिला दाखवली होती. रात्री जेवताना मी हाच विषय काढला आणि तेच वाक्य मोठ्याने बोलले. ती ताटातल्या भातावर डाळ ओतत होती. वर न बघता म्हणाली, "आपा, उसको बोलना रहेगा तो बोलेगा ना." मी म्हटलं, अगं पण तो त्यातून पैसे कमावतोय, लोकांना कळायला नको? ती काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली आणि त्या रात्री लवकर झोपली.

31 ऑक्टोबरला किट कॉनर एका मिनिटासाठी ट्विटरवर परत आला. त्याने लिहिलं की तो उभयलैंगिक आहे, आणि 18 वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडल्याबद्दल लोकांचं उपरोधाने अभिनंदन केलं. तुमच्यापैकी काहींना मालिकेचा मुद्दाच कळला नाही, असंही तो म्हणाला. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. मावसबहीण आदल्या दिवशी मिरजेला परतली होती.

चूक कुठे झाली ते मी एका इंजिनिअरसारखं शोधत बसले. रोडमॅप हा कंपनीचा असतो. वाहिनी, निर्माते, जाहिरात विभाग यांनी एखादी गोष्ट सुचवून पैसे घेतले तर त्यांना जाब विचारणं हा ग्राहक म्हणून आपला हक्क आहे, आणि लेक्साच्या वेळी तो नीट बजावला गेला. माणसाचा रोडमॅप नसतो. किटने आम्हाला काहीही विकलं नव्हतं. त्याने निकचं काम केलं, एवढंच. संहितेवर उगारायची काठी आम्ही एका पोरावर उगारली, आणि वर तिला न्यायाचं नाव दिलं. आपण आमक्याच गटाचे आहोत हे सिद्ध कर, चारचौघांत बोल, नाहीतर तू खोटा. ही मागणी मला मुसलमान म्हणून नवी नव्हती. कुठेही काही घडलं की आधी निषेध करून दाखव, मगच तुझं ऐकू, हे मी कॉलेजपासून ऐकत आले आहे, आणि दर वेळी संतापले आहे. तेच वाक्य दुसऱ्यासाठी वापरताना माझी जीभ अडखळलीही नाही. मी ग्रुपमधली ती कमेंट काढून टाकली. तिच्यावरचे लाइक ज्यांचे होते त्यांच्या डोक्यातून ती निघाली असेल असं वाटत नाही.

मावसबहिणीला फोन केला. तिने मिरजेतल्या पावसाबद्दल सांगितलं, खालाच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. मी म्हटलं, त्या दिवशी मी जेवताना जे बोलले ते चुकीचं होतं. ती "हूं" म्हणाली. मग म्हणाली, नेट कमी आहे, नंतर बोलते.

ऑगस्ट 2023 मध्ये 'हार्टस्टॉपर'चा दुसरा सीझन आला. निक त्यात कुणाला, कधी, कसं सांगायचं याच्याशी झगडत राहतो. दोनदा-तीनदा शब्द ओठांवर येतात आणि तो गिळतो. पहाटे अडीचला तिचा मेसेज आला, "आपा, सगळे भाग संपवले." मी एक प्रश्न टाइप केला. तो पुसला. मग लिहिलं, "मी अजून चौथ्यावर आहे, शेवट सांगू नकोस." तिने हसणारा चेहरा पाठवला आणि नंतर बराच वेळ तिच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसत राहिलं.